कमलाक्षीचा अवसर

सोमवार, १३ ऑक्टोबर १९८६. केरी

काल दसरा झाला. आज फेरीबोटीवर दुपारची पाळी आहे. तोवर हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसणार नाही.

देवळात तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेल्या देवाच्या काठ्या, बाहेर काढली होती आणि शंभूकाका गाऱ्हाणं घालत होते. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. देव अंगात येतो, म्हणजे अवसर येतो, तोही त्यांच्याच घरातल्या पुरुषांना. गाऱ्हाणं संपेपर्यंत बायकांनी पायरीखाली गुडघे दुमडून कपाळ जमिनीला टेकून राहायचं, ही आमच्याकडची रीत. काका थोडक्यात आटपत नाहीत. गावची, शेजारच्या गावांची, खाडीपलीकडची सगळी दैवतं बोलावून झाली की मग मुद्द्यावर येतात, आणि लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत उभे राहतात.

काका मुद्द्यावर यायच्या आतच माझी बायको कमलाक्षी उठून बसली. तोंड चुन्यासारखं पांढरं. पोलकं घामानं चिंब. सगळं अंग थरथरत होतं, आणि मी खांबापाशी उभा होतो, तिथूनही मला मानेची शीर उडताना दिसत होती. ती म्हणाली, "माका धरा, मी जातंय." मी पुढं होणार तेवढ्यात काकांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. काकांनी विचारलं, कोण तू, खंयची, तुका काय होया. ती 'उदक' एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं आपोआप शांत झाली आणि खांबाला टेकून बसली.

काकांनी सांगितलं, ही झरीवरची देवी, तिला कोणी पाणीसुद्धा दाखवत नाही म्हणून आली. बाईच्या अंगात अवसर आलेला आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता. माझी आई रडत होती. मला वाटलं घाबरली. जवळ गेलो तर ती आनंदानं रडत होती.

आमच्या लेकीनं, तनयानं, निजताना विचारलं, आई देवी झाली काय. मी म्हटलं, नीज.

माझं मला कळत नाही. लावणीच्या दिवसांत शेतात ती दोन-तीनदा अशीच पांढरी पडून बांधावर जाऊन बसली होती. तेव्हा मी म्हटलं होतं, पेज पोटभर खात जा.

सोमवार, १० नोव्हेंबर

आता दर सोमवारी लोक येतात. तिरकोलच्या बाजूनं येणारे माझ्याच फेरीतून येतात आणि कृष्णनाथाचं घर कुठलं, ते मलाच विचारतात. आज सुर्ल्याहून एक बाई आली होती. नवरा मायनिंगच्या ट्रकवर आहे, दोन महिने घरी आला नाही. तिथून इथवर तीन बस बदलून आली.

काका तुळशीपुढं पाट मांडतात. कमलाक्षी डोकं टेकते, काका गाऱ्हाणं सुरू करतात. कधी देवी येते, कधी येत नाही. आली नाही तर काका तिला आणखी थोडा वेळ तशीच राहू देतात आणि मग बहुतेक येते. सुर्ल्याच्या बाईनं विचारलं तेव्हा कमलाक्षीनं पोट धरून नुसती मान हलवली. काकांनी अर्थ सांगितला की नवरा आजारी आहे, पण जिवंत आहे. ती बाई पाया पडून गेली.

सगळे गेल्यावर मीही विचारलं. तोवर देवी गेली नव्हती. फेरीवर मी अजून हंगामी आहे, सावंतवाडीत एका मिलमध्ये कायमची जागा मिळते आहे. जाऊ का, म्हणून विचारलं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. "सोडू नको," म्हणाली. काका म्हणाले, झालं की, नोकरी सोडू नकोस म्हणते. कमलाक्षी मला कधी एकेरी बोलत नाही. त्यामुळं मला पटलं.

मिलवाल्याला उद्या नाही म्हणून कळवतो. मनावरचं ओझं उतरलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज कमलाक्षीला घेऊन म्हापशाला गेलो. आईला बाजाराचं निमित्त सांगितलं. हल्ली कमलाक्षीचं डोकं ठणकतं, अंगावरचं मांस कमी झालं आहे, आणि सोमवार नसतानाही एकदोनदा तसं झालं. एकदा विहिरीवर पाणी ओढताना, एकदा घर सारवताना. काका म्हणतात, देवीला वार लागत नाही.

डॉक्टर जुने आणि चांगले. माझ्या वडलांनाही त्यांनीच पाहिलं होतं. दवाखान्यात ती अगदी ठीक होती, तेच वाईट. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, रक्ताचा दाब थोडा जास्त आहे म्हणाले, बाकी सगळं मनाचं आणि अशक्तपणाचं. अवसराचं मी त्यांना सांगितलं नाही. सुशिक्षित माणसापुढं जीभ उचलली नाही. धडधड होते एवढंच सांगितलं. धडधड कमी करायची गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ घ्यायची.

बाजारात तनयासाठी उंडे पाव घेतले. येताना बसमध्ये कमलाक्षी खिडकीपाशी बसून खूप दिवसांनी गुणगुणत होती.

शनिवार, २९ नोव्हेंबर

गोळीनं धडधड खरंच कमी झाली. मी आईला म्हटलंसुद्धा.

मंगळवार, ९ डिसेंबर

काल देवी आली ती नेहमीसारखी नव्हती. थरथर कमी, पण डोकं दोन्ही हातांनी धरून ओरडली आणि ओकली. नंतर बराच वेळ डोळ्यांपुढं अंधार आहे म्हणत होती. काका म्हणाले की देवीला इंग्रजी औषध मानवत नाही. आईनंही तेच धरलं.

कमलाक्षी गोळी नको म्हणते. तिला वाटतं, त्यानंच जास्त होतं. मी ऐकलं नाही. या घरात एसएससीपर्यंत शिकलेला मी एकटा, आणि म्हापशाच्या डॉक्टरांपेक्षा शंभूकाकांना जास्त कळतं असं मी कबूल करणार नाही. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पेला घेऊन तिच्यापुढं उभा राहतो. तिनं गिळल्याशिवाय हलत नाही.

रविवार, २१ डिसेंबर. पणजी, हॉस्पिटल

जिवंत आहे. हे आधी लिहितो.

काल सकाळी जत्रेची पालखी दारात आली. सारा गाव मागं. काकांनी कमलाक्षीला पालखीपुढं डोकं टेकायला बसवलं. सकाळपासून डोकं दुखतं म्हणत होती. एवढ्या लोकांत तिची फजिती होऊ नये म्हणून मी तिला ठरलेल्या गोळीबरोबर आणखी एक दिली. चांगल्यासाठीच.

गाऱ्हाणं लांबलं. ती उठली ती एक शब्द बोलली नाही. कुशीवर पडली, ओकली, आणि मग तिचा श्वास घागरीत पाणी बुडबुडावं तसा वाजू लागला. ओठांवर गुलाबी फेस आला. काकांनी सवयीनं 'सांग' म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. मग तेच म्हातारं माणूस अनवाणी पळत किनाऱ्यावर गेलं आणि माशांचा टेम्पो घेऊन आलं.

म्हापशात सगळं बंद होतं, कोंकणी की मराठी या भाषेच्या आंदोलनामुळं. पुढं बेती. मांडवीवरचा पूल पावसाळ्यात पडल्यापासून पणजीला जाणारा प्रत्येक माणूस तिथं फेरीसाठी उभा असतो. काल पलीकडच्या धक्क्यावर जमाव होता, म्हणून फेरी अलीकडंच लावून ठेवली होती. फेरीच्या साखळीवर माझ्या ओळखीचा माणूस होता. तो टेम्पोत डोकावून आला आणि म्हणाला, "कृष्णा, वयल्यानी सांगल्याबगर माका सोडूक येना रे." वरून हुकूम नाही म्हटल्यावर मी त्याच्यावर ओरडलो नाही. इतकी वर्षं मीही लोकांना हेच सांगत आलो आहे. मागं कुणी बाळंतीण आहे, कुणाची परीक्षा आहे, आणि मी साखळीला हात लावून म्हणतो, माझ्या हातात नाही. ते खरंच असतं.

मी टेम्पोत बसून तिचा फेस पदरानं पुसत राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शेवटी फेरी सोडली.

शनिवार, २७ डिसेंबर

इथल्या डॉक्टरीण बाई तरुण आहेत. सुमंगला नाव, डिचोली तालुक्यातल्या. कमलाक्षीशी कोंकणीतून बोलतात, माझ्याशी मराठीतून, आणि कागदावर इंग्रजी लिहितात. बाजूच्या खाटेच्या दोघा नातेवाइकांचं भाषेवरून रोज वाजतं. बाईंच्या ते गावीही नसतं.

परवा त्यांनी कमलाक्षीचं पोट तपासायला हात दाबला, आणि तिथंच झालं. तोंड पांढरं, घाम, थरथर. गाऱ्हाणं नाही, तुळस नाही, सोमवार नाही. बाईंनी विस्तवाला लागल्यासारखा हात काढला. दाब मोजायच्या यंत्रातला पारा वर चढत चढत गेला, तो मी पाहिला. त्यांनी नर्सला बजावलं की हिच्या पोटाला कोणीही हात लावायचा नाही. मग मला बाहेर बोलावून विचारलं, आधी कोणती गोळी चालू होती. मी खिशातलं पाकीट दाखवलं. त्यांनी ते परत दिलं नाही.

आज त्यांना थोडी उसंत होती. मला विचारलं, तुमच्याकडं खाजन शेती आहे काय. आहे म्हटलं. मग मानस ठाऊक असेल. बांधातली लाकडी दारं ती. भरती आली की मिटतात, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी नदीत सोडतात. माझे वडील मानशीवर राखणीला असायचे. म्हटलं, ठाऊक आहे.

त्या म्हणाल्या, रक्ताच्या नळ्यांवर अशाच जागा असतात. डोळ्यांना दिसणारी दारं नव्हेत. निरोप ओळखणाऱ्या जागा. एका जातीच्या जागेला निरोप पोचला की नळी आवळते, दुसऱ्या जातीच्या जागेला पोचला की सैल पडते. निरोप धाडणारेही दोघे. एक नसा, दुसरी मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली एक लहानशी ग्रंथी. माणूस घाबरला, पळाला, की ती ग्रंथी रक्तात एक रस सोडते. तो रस नसांच्या टोकांनाही जाऊन लागतो, आणि मग नसाही नेहमीपेक्षा जास्त निरोप धाडू लागतात. कमलाक्षीच्या त्या ग्रंथीवर गाठ असावी. ती दाबली गेली की रस लोंढ्यासारखा सुटतो. भ्यायला काही कारण नसताना सगळ्या अंगाला भीतीचा निरोप जातो.

"वाकल्यावर येतं का तिला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, गाऱ्हाण्याला येतं. मग अवसराचं सगळं सांगावं लागलं. त्या हसल्या नाहीत.

गोळीबद्दल मीच विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ती गोळी वाईट नाही, पुष्कळांना ती चांगली लागू पडते. पण ती सैल करणाऱ्या जागा बंद करते. आवळणाऱ्या जागा तशाच मोकळ्या राहतात. "भरती चढती, आणि पाणी बाहेर सोडणारी दारं मिटलेली. बांधाचं काय होणार?" म्हणाल्या. म्हापशाच्या डॉक्टरांना बोल लावू नका, हा आजार पुष्कळ डॉक्टरांना जन्मात एकदाही दिसत नाही, आणि तो त्यांना पुरता सांगितलाही नव्हता.

दारं मी मिटली. सकाळ-संध्याकाळ, हातात पाण्याचा पेला घेऊन. शंभूकाका सांगत होते, आई सांगत होती, ती स्वतः सांगत होती.

मंगळवार, १३ जानेवारी १९८७

गाठ आहे की नाही, हे लघवीच्या तपासणीवरून ठरतं, आणि ती मुंबईला होते. एक दिवस-रात्रीची सगळी लघवी औषध घातलेल्या बाटलीत धरायची. त्याआधी तीन दिवस चहा नाही, कॉफी नाही, केळं नाही, नाहीतर उत्तर चुकतं. मी कमलाक्षीला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. काल बाटली भरली. आज ती न्यायला माणूस आला, तेव्हा कालच केरीहून आलेली आई तिथंच होती. बोलता बोलता म्हणाली की काल मी पाळीवर गेलो असताना तिनं देवीच्या प्रसादाचं केळं हिला भरवलं होतं. मी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "देवीचो प्रसाद नको कसो म्हणतलंय? तूच सांग."

कमलाक्षी मान खाली घालून हसत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली म्हणून मी कुणालाच काही बोललो नाही. बाटली ओतून दिली. पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आता ती घरी आहे. दुसरी गोळी चालू आहे, आवळणाऱ्या जागा बंद करणारी. आज तपासणीचं उत्तर आलं म्हणून एकटाच पणजीला जाऊन आलो. गाठ आहे. कापून काढली पाहिजे. अशी शस्त्रक्रिया मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात करतील, बाई चिठ्ठी देतात. कापताना गाठीला हात लागला की लोंढा सुटणारच, म्हणून आधी पुष्कळ दिवस ही गोळी देऊन नळ्या सैल करून ठेवायच्या. न कापल्यास? बाईंनी सांगितलं की तो फेस पुन्हा येईल, कधी येईल ते सांगता येत नाही.

बसस्टँडवर सगळे भाषेच्या कायद्याबद्दल बोलत होते. काल विधानसभेत पास झाला. कोणी पेढे वाटत होतं, कोणी शिव्या देत होतं. माझ्या हातावरही कुणी पेढा ठेवला. बसमध्ये बसल्यावर पाहिलं तर तो तसाच मुठीत होता, चेंगरलेला.

रविवार, २२ मार्च

कौल घेतल्याशिवाय आई हिला मुंबईला सोडायला तयार नव्हती. आज देवळात कौल लावला. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या आणि सगळे वाट बघत बसलो. उजवी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नका.

डावी पडली.

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुजाऱ्यानं पुन्हा लावू का विचारलं, काका म्हणाले, पुन्हा पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. घरी येताना मी म्हटलं, डॉक्टर सांगतात, न कापल्यास मरेल. आई म्हणाली, आणि कापल्यास मरणार नाही, असं लिहून देतात काय ते. नाही देत. मी बाईंना विचारलं होतं.

देवीवर माझा विश्वास आहे की नाही, मला सांगता येणार नाही. पण डावी पाकळी सुटताना मी पाहिली, आणि पुन्हा लावा म्हणायला मी पुढं झालो नाही.

सोमवार, १३ एप्रिल

चिठ्ठीवरची तारीख एकदा पुढं ढकलून झाली. लोक अजून सोमवारी येतात. आई त्यांना अंगणातूनच परत पाठवते, तरी काही जण बाहेर दगडी गडग्यापाशी बसून राहतात.

आज काका आले. आईनं बोलावलं असावं. त्यांचं म्हणणं, एकदा पुन्हा गाऱ्हाणं घालून बघू. देवी हिच्याच अंगात येते, तर जायचं की नाही ते तिनंच सांगावं. पाट मांडला. मी 'नको' म्हणायचं ठरवलं होतं. डॉक्टरांचं सगळं मला पाठ होतं. पण काकांपुढं तोंड उघडेना.

कमलाक्षी ओसरीवरून उतरली आणि पाटापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, मी वाकूचंय नाय."

काकांना वाटलं, तिला बरं नाही. आई म्हणाली, गो, एवढा नमस्कार कर.

"वाकलंय की पोटात कोणतरी मूठ आवळता, आणि माका दिसता, आता मी मरतलंय. खरा सांगतंय. दर सोमवारी मी मेलंय. माका काय होता, ता कोणीच इचारूक नाय. सगळ्यांनी आपापला इचारला."

हे ती कुणाकडं बघून बोलली नाही. पण विचारणाऱ्यांत मीही होतो.

वाकल्यावर. विहीर, सारवण, लावणी. डॉक्टरीण बाईंनी मला सरळ विचारलं होतं आणि मी नाही म्हणून सांगितलं होतं.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी वाकून पाट उचलला, भिंतीला लावून ठेवला, आणि म्हणाले, "मग उभी रव गो. उभ्यानंच मागूया." तिला उभी ठेवूनच त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी ते थोडक्यात आटपलं. अंगणात 'व्हय म्हाराजा' म्हणायला मी, आई आणि तनया. देवी आली नाही. काका निघताना आईला म्हणाले, "कौल डावो पडलो, तो माझ्यार पडलो म्हण. काय झाला तर माका धर. तिका जावंदे."

आई आत जाऊन कमलाक्षीचं लुगडं पिशवीत भरू लागली.

शुक्रवार, २२ मे. मुंबई

लालबागला गावकऱ्यांची खोली आहे, तिथं माझा वळकटीएवढा कोपरा. कमलाक्षी वॉर्डात. गोळीचं प्रमाण वाढवलं आहे. तिचं नाक सारखं चोंदतं, आणि उठून उभी राहिली की चक्कर येते. मी घाबरून सांगायला गेलो तर डॉक्टर खूश झाले. म्हणजे आवळणाऱ्या जागा नीट बंद झाल्या आहेत. इथं घाबरायचं कशाला आणि खूश व्हायचं कशाला, हे मला रोज नव्यानं शिकावं लागतं.

आज तिची वेणी घातली. मला जमत नाही, तिनंच अर्धी सांगितली. म्हणाली, आता कोणी येणार नाही मला विचारायला. मी म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, "व्हय. पण सुर्ल्याची ती बाय परत इली नाय. तिचो घोव इलो काय, काय कळूक नाय."

शनिवार, ३० मे

काल कापलं. सर्जननी मला गाठ दाखवली, स्टीलच्या वाटीत. आंबाड्याच्या फळाएवढी, पिवळट तपकिरी. एवढ्याशा वस्तूपुढं आम्ही डोकी टेकत होतो. काढताना दाब खूप चढला, तो त्यांनी सांभाळला. गाठीची शीर बांधली आणि दाब उतरू लागला, तो अपेक्षेप्रमाणेच. पण उतरून थांबायला हवा होता, तो थांबला नाही.

ती अजून डोळे उघडत नाही. इथले तरुण डॉक्टर मला समजावून सांगतात, त्यांना कंटाळा नाही. इतकी वर्षं त्या रसाच्या जोरावर नळ्या आवळलेल्या राहिल्या. आता रस बंद झाला, वर आमच्या गोळ्यांचा अंमल अजून आहे, आणि नसा निरोप धाडतात तो नळ्यांना ऐकू जात नाही. म्हणून वरच्या बाटलीतून औषध चालू आहे. मी विचारलं, कसलं औषध. ते जरा अडखळले. म्हणाले, जवळजवळ तोच रस, जो गाठीतून यायचा. थेंब थेंब. ज्याच्यासाठी कापलं तोच? हो. तो जास्त झाला तरी वाईट, आणि बंद पडला तर दाब शून्यावर जाईल. नर्स चिमटा फिरवून थेंब कमी करते, दाब बघते, पुन्हा वाढवते. काल संध्याकाळपासून हेच चाललं आहे.

बाहेर व्हरांड्यात कुणाच्या तरी रेडिओवर सांगत होते, गोवा आजपासून राज्य. वॉर्डबॉय मला म्हणाला, तुमचंच ना? मी हो म्हटलं.

मघाशी थोडा वेळ आत बसू दिलं. मी पांघरुणाखाली हात घालून तिचे पाय धरले. चांगले गरम होते. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी डॉक्टरांना तसं म्हणालोसुद्धा. ते म्हणाले, गरम आहेत हीच तर काळजी. नळ्या सैल पडल्यात, रक्त हातापायांत जाऊन बसतंय. पाय जरा गार पडू लागले की समजायचं, औषध धरतंय.

बसा म्हणाले, म्हणून बसलो आहे. एक हात पांघरुणाखाली आहे, दुसऱ्या हातानं हे लिहितो आहे. काकांनी निघताना सांगितलं होतं, काय मागायचं ते पोस्टात तार करून कळव, मी देवीला सांगतो. ही तार कशी करू? आपल्या माणसाचे पाय गार पडू देत, असं कुणी कुठल्या देवाकडं मागितलं असेल असं मला वाटत नाही.

मी मघापासून तेच मागतो आहे. अजून गरम आहेत.